ध्वनीची कणी आणि अक्षराची मात्रा

संगीतरचनेच्या आणि ध्वनियोजनेच्या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय साधनाविषयी साहित्याच्या नियतकालिकात लिहावे, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. ‘ग्रॅन्युलर प्लगिन’ हे त्या साधनाचे रूढ नाव. चित्रपट, लघुपट, जाहिराती, नाटकांचे पार्श्वसंगीत यांत त्याचा उपयोग सर्रास होतो, आणि आमच्या बेळगाव-निपाणी भागातील जी तरुण मंडळी ध्वनिमुद्रणाच्या कामात शिरली आहेत त्यांच्या बोलण्यात हा शब्द वारंवार येतो. तथापि आम्हांस जे औत्सुक्य वाटले ते केवळ संगीतामुळे नव्हे. ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत; स्वर आणि व्यंजन; मात्रा आणि अर्धमात्रा हे जे शब्द आम्ही आजवर फळ्यावर लिहीत आलो, त्यांचा अर्थ कानाने पडताळून पाहण्याची सोय या साधनाने करून दिली आहे. शिक्षकांना आणि परिषदेच्या सभासदांना हे साधन कसे चालते ते मराठीतून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम जुनी अडचण लक्षात घेऊ. मिरजेस स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या ध्वनिमुद्रिका आमच्या भागातील अनेक घरांत ऐकल्या जात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी, एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. शिकणाऱ्यास एखादी तान कानात बसवावयाची तर सुई उचलून पुन्हा मागे ठेवावी लागे. तान फारच जलद वाटली तर तबकडीची गती कमी करावी. पण तसे करताच खाँसाहेबांचा कोमल, उंच आवाज कोण्या जाड घशाच्या माणसाचा होऊन बसे. गती निम्मी केली की मध्य सप्तकातील स्वर मंद्र सप्तकात उतरतो. याचे कारण उघड आहे. स्वराची उंची ही एका सेकंदात किती कंपने होतात यावर अवलंबून असते. सेकंदाला २४० कंपनांचा स्वर दुप्पट वेळात वाजविला तर सेकंदाला १२० कंपनेच कानी पडणार. तबकडी असो की चुंबकीय फीत, काळ आणि स्वराची उंची ही दोन्ही एकाच दाव्याला बांधलेली. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब गाऊन दाखवीत, हे सर्वश्रुत आहे. त्या बालकास गती कमी करण्याची गरज भासली नसेल, इतरेजनांस भासते.

आता आपल्या खिशातील दूरध्वनीकडे पाहा. व्हॉट्सॲपवर आलेला लांबलचक बोलका निरोप आपण दीडपट किंवा दुप्पट गतीने ऐकतो. बोलणारा घाईत असल्यासारखा वाटतो, पण त्याचा आवाज चिमणीसारखा बारीक होत नाही. मामांचा आवाज मामांचाच राहतो. दाव्याची गाठ येथे सुटली आहे. ती कशी सुटली हे समजले की ग्रॅन्युलर प्लगिनचे निम्मे मर्म समजले.

शिक्षकांस हे समजावयास मुळीच कठीण नाही, कारण आपण वर्गात शुद्धलेखन घालतो तेव्हा नेमके हेच करतो. शुद्धलेखन घालताना आपण आवाज जाड करून शब्द ताणत बसत नाही. दोन-तीन शब्दांचा तुकडा म्हणतो, तोच पुन्हा म्हणतो, मग किंचित पुढे सरकून पुढचा तुकडा घेतो. उताऱ्यास चौपट वेळ लागतो, पण आपला आवाज आहे त्याच पट्टीत राहतो. संगणक हेच करतो; फरक इतकाच की त्याचा तुकडा दोन-तीन शब्दांचा नसून सेकंदाच्या विसाव्या हिश्शाचा असतो, आणि तो इतका लहान असल्यामुळे पुनरुक्ती झाल्याचे कानास कळत नाही. निरोप दुप्पट गतीने ऐकावयाचा असेल तर याच्या उलट करावयाचे: तुकडे तसेच ठेवावयाचे, पण मधले काही गाळावयाचे.

या तुकड्याला इंग्रजीत ‘ग्रेन’ म्हणतात, म्हणजे धान्याचा दाणा. मराठीत त्यास काय म्हणावे? ‘दाणा’ हा पहिला सुचणारा शब्द. पण दाणा हा कणसात मूळचाच वेगळा असतो, त्याला स्वतःचे टरफल असते. ध्वनीत असे आयते दाणे नाहीत. ते आपण पाडतो. कांडताना तांदूळ मोडून जी पडते तिला आपण कणी म्हणतो. अखंड वस्तू मोडून झालेला बारीक तुकडा, तरीही तांदूळच, हा अर्थ ‘कणी’त नेमका आहे. म्हणून बोलताना ‘कणी’ म्हणावे आणि सामासिक परिभाषेसाठी ‘कण’ वापरावा, असे आमचे मत आहे. ‘ग्रॅन्युलर सिंथेसिस’ला ‘कणसंश्लेषण’ म्हटले असता अर्थ बिघडत नाही आणि कानासही बोचत नाही.

आता कणीचे माप. संगणकात ध्वनी अंकांच्या रूपाने साठविलेला असतो. सीडीवरील ध्वनीत एका सेकंदाचे ४४,१०० अंक असतात. कणीची लांबी बहुधा एक ते शंभर मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा हिस्सा ते दहावा हिस्सा, अशी ठेवतात. पन्नास मिलिसेकंदांची कणी घेतली तर तिच्यात २,२०५ अंक आले. पण ध्वनी असा मध्येच कापला तर कापलेल्या जागी ‘टक्’ असा आवाज होतो. म्हणून प्रत्येक कणीला कडा घासून दिलेल्या असतात: तिचा आवाज शून्यातून चढतो, मध्ये पूर्ण होतो, आणि पुन्हा शून्यापर्यंत उतरतो. नुसत्या अशा कण्या एकापुढे एक मांडल्या तर आवाज हेलकावे खाईल. यासाठी एक कणी उतरणीस लागते त्याच क्षणी दुसरी चढणीस लावतात. आमच्याकडील घरांवरची मंगलोरी कौले आठवावीत. प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडे चढलेले असते, म्हणूनच पाऊस आत येत नाही. पन्नास मिलिसेकंदांची कणी आणि दर पंचवीस मिलिसेकंदांनी नवी कणी, असे धरले तर सेकंदाला चाळीस आणि मिनिटाला २,४०० कण्या लागतात. हे काम हाताने करणे अशक्यप्राय. संगणकाच्या दृष्टीने आज ते काहीच नाही.

एका सेकंदात किती कण्या पाडावयाच्या, याला कणघनता म्हणू. बेळगावचा पाऊस ज्यांनी पत्र्याच्या पडवीत बसून ऐकला आहे त्यांस ती निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पहिले थेंब मोजता येतात. थेंब वाढले की मोजणे सुटते, आणि मग एक क्षण असा येतो की थेंब ऐकू येतच नाहीत, एकसंध झोड ऐकू येते. कण्यांचेही तसेच. सेकंदाला सुमारे वीसपर्यंत कण्या असल्या तर त्या सुट्या ऐकू येतात. त्याहून दाट झाल्या की त्यांचा मिळून एक ध्वनी होतो. त्या जर अगदी नियमित अंतराने पाडल्या तर आणखी एक चमत्कार घडतो: सेकंदाला शंभर कण्या पाडल्या की शंभर कंपनांचा स्वरच उमटतो. म्हणून पुष्कळदा त्या मुद्दाम अनियमित, विखुरलेल्या पाडतात. अशा विखुरलेल्या कण्यांच्या समूहाला या विद्येचे जाणकार ‘ढग’ म्हणतात. ‘कणमेघ’ हा शब्द आम्ही सुचवितो.

ही कल्पना कोणाची? डेनिस गॅबर हे १९०० साली बुडापेस्ट येथे जन्मलेले शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये रग्बी या गावी एका वीजसामग्रीच्या कंपनीत संशोधन करीत असत. १९४६ साली त्यांनी संदेशवहनावरील एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात ध्वनीच्या सूक्ष्मतम अंशांविषयी लिहिले. होलोग्राफीच्या शोधाबद्दल १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते हेच गॅबर. त्यांचे म्हणणे असे, की कोणताही ध्वनी अशा लहान लहान अंशांचा बनलेला आहे असे मानून त्याचे वर्णन करता येते, आणि प्रत्येक अंशाला काळातील एक जागा व स्वराची एक उंची असते. मात्र या दोहोंच्या अचूकपणास एक मर्यादा आहे. कणी फार आखूड केली तर ती केव्हा वाजली हे नेमके कळते, पण कोणत्या स्वराची हे कळत नाही. लांब केली तर स्वर कळतो, पण क्षण निसटतो. पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला सुमारे १२० कंपने असतात असे धरले तर एका कंपनास आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. पाच मिलिसेकंदांच्या कणीत एक कंपनही पुरते मावत नाही. मग तिने स्वर सांगावा कसा? पन्नास मिलिसेकंदांच्या कणीत सहा कंपने मावतात आणि स्वर स्पष्ट होतो. चित्रपटाच्या फितीवरील ध्वनी खाचांच्या फिरत्या पिंपातून वाचून त्याची उंची आणि काळ वेगळे करण्याचे यंत्रही गॅबर यांनी करून पाहिले होते.

आपल्याकडे मात्र या प्रश्नाचा विचार तत्त्वज्ञानाच्या अंगाने फार पूर्वीच झाला आहे. मीमांसक शब्द नित्य मानतात. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि क्षणात नाश पावतो, पण नाश पावण्यापूर्वी आपल्यासारखा दुसरा शब्द उत्पन्न करतो. तो कानापर्यंत कसा येतो हे सांगण्यासाठी त्यांनी दोन दृष्टान्त दिले: पाण्यावरील लाटेने पुढची लाट उठवावी तसा वीचितरंगन्याय, आणि कदंबाच्या गोल कळ्याप्रमाणे सर्व दिशांनी एकदम फुलावे तसा कदंबगोलकन्याय. जैनांनी तर शब्द हा आकाशाचा गुण मानलाच नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्दाची गणना पुद्गलाच्या, म्हणजे जडद्रव्याच्या, अवस्थांमध्ये केली आहे. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती उभी आहे आणि निपाणीच्या परिसरात जैन वस्ती पूर्वापार आहे. तेव्हा हा विचार आमच्या भागास परका नाही. यावरून आमच्या पूर्वजांना गॅबर यांचा सिद्धान्त ठाऊक होता असे म्हणण्याची हौस कोणास असेल तर ती आम्ही पुरवू इच्छित नाही. शब्द क्षणिक की टिकाऊ, गुण की द्रव्य, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. मोजमाप ही निराळी गोष्ट.

गॅबर यांच्या कल्पनेला संगीतात उतरविले ते यानिस झेनाकिस या ग्रीक संगीतकाराने. चंदीगडची आखणी ज्यांनी केली त्या ल कॉर्ब्यूझिए यांच्या कचेरीत हे वास्तुशिल्पाचे काम करीत. १९५८ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचा जो मंडप उभारला होता त्यात झेनाकिस यांची ‘काँक्रे पीएच’ ही लहानशी रचना वाजविली जाई. ती जळत्या कोळशाच्या तडतडीपासून केलेली होती. फितीचे बारीक तुकडे करून, त्यांचे थरावर थर चढवून. पत्र्यावरील पावसाचा आणि रानातील रातकिड्यांचा दाखला झेनाकिस स्वतःही देत असत, हे आमच्याकडील वाचकांस विशेष जवळचे वाटावे. त्यांची व्याख्याने ऐकलेल्या कर्टिस रोड्स यांनी १९७४ साली कॅलिफोर्नियात संगणकाकडून कण्या पाडून घेतल्या. आणि कॅनडातील बॅरी ट्रुअ‍ॅक्स यांनी १९८६ साली ‘रिव्हररन’ ही रचना केली, तीत हे सारे काम वाजता वाजताच होऊ लागले. ती सुट्या थेंबांनी सुरू होते आणि पुढे नदी होते. घटप्रभेचे पाणी गोकाकला कड्यावरून कोसळताना ज्यांनी ऐकले आहे त्यांस ही रचना समजावयास भाष्याची गरज लागणार नाही.

प्लगिन म्हणजे ध्वनिसंपादनाच्या मोठ्या प्रणालीत बसविता येणारी एक लहान प्रणाली. शिवणयंत्राला काजे करण्याचा निराळा पाय लावावा तशी. तिच्या पडद्यावर मुद्रित ध्वनीचे चित्र दिसते आणि त्याखाली काही बटणे असतात. कणी कोठून उचलावयाची, किती लांबीची, सेकंदाला किती, मूळच्या पट्टीत की चढवून वा उतरवून, सुलटी की उलटी, आणि ठरलेल्या जागेच्या आसपास किती विखरून, एवढे ठरविले की झाले. जर्मनीतील रॉबर्ट हेन्के यांनी ‘एबलटन लाइव्ह’ या प्रणालीसाठी केलेले ‘ग्रॅन्युलेटर’ या जातीचे प्रसिद्ध साधन आहे. फुकट मिळणारी साधनेही आहेत. बटणांविषयी याहून अधिक लिहून उपयोग नाही. ती फिरवूनच कळतात.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. हे साधन मनुष्याच्या बोलण्यावर चालविले असता काय होते?

शिक्षाग्रंथांनी ह्रस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन आणि व्यंजनाची अर्धी मात्रा मानली. पाणिनीने ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत यांची व्याख्या ‘उ’काराच्या तीन लांबींवरून केली, परंपरा सांगते की ती कोंबड्याच्या आरवण्यावरून सुचली. आम्ही विद्यार्थ्यांना हे पाठ करावयास लावतो, पण व्यंजनाला अर्धीच मात्रा का, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर ‘कारण त्याचा उच्चार स्वराशिवाय होत नाही’ एवढे सांगून पुढे जातो. ‘आई’ हा शब्द ध्वनिमुद्रित करून चौपट लांब करून पाहा. ‘आ’ आणि ‘ई’ संथ वाहतात. आईला दूरच्या शेतातून हाक मारावी तसा शब्द ऐकू येतो, आणि आवाज ज्याचा त्याचाच राहतो. आता ‘काकू’ हा शब्द घ्या. ‘आ’ आणि ‘ऊ’ तसेच वाहतात, पण ‘क’ ताणला जात नाही. तो तडतडतो. काकूच्या जागी ‘क्क्क्क्काऽऽऽ’ असे तोतरे बोलणे ऐकू येते.

हे असे का होते याचा हिशेब मांडता येतो. ‘क’ म्हणताना जीभ टाळूपासून सुटते तो स्फोट सेकंदाच्या काही शतांशांतच संपतो. चौपट लांबविताना संगणक मूळ ध्वनीत दर सहा मिलिसेकंदांनी पुढे सरकतो आणि प्रत्येक वेळी पन्नास मिलिसेकंदांची कणी उचलतो. म्हणजे तो एकच स्फोट सात-आठ कण्यांत सापडतो आणि तितक्या वेळा वाजतो. कडेच्या क्षीण, मधल्या ठसठशीत. स्वरात प्रत्येक क्षण मागल्या क्षणासारखाच असतो, म्हणून त्याची पुनरुक्ती जाणवत नाही. व्यंजन ही एक घटना आहे, आणि घटना लांबत नाही. ती फार तर पुन्हा घडते. शिक्षाकारांनी स्वराला एक, दोन, तीन अशा वाढत्या मात्रा दिल्या आणि व्यंजनाला मात्र ठरावीक अर्धीच दिली, तिचे मर्म हेच असावे असे आम्हांस वाटते.

अर्थात सगळी व्यंजने सारखी नाहीत. ‘स’, ‘श’, ‘म’, ‘न’, ‘ल’ ही बरीच लांबतात, कारण त्यांत श्वासाचा किंवा नादाचा ओघ असतो. ‘ल’ आणि ‘ळ’ शेजारी ठेवून ऐकावेत. ‘माला’मधील ‘ल’ संथ राहतो. ‘माळा’मधील ‘ळ’ उच्चारताना मागे वळलेली जीभ झटकन पुढे पडते, आणि तो झटका लांबविताना फुटतो. हा ‘ळ’ आमच्याकडे मराठीचा तसाच कानडीचाही आहे. दोन्ही घरांतील मुले तो सहज म्हणतात, त्यामुळे त्याची जात काय हे त्यांच्या कधी लक्षातच येत नाही. याहून उपयोगी आहे तो ‘च’चा प्रकार. ‘चार’ आणि ‘चाक’ यांत एकच अक्षर आपण लिहितो, पण उच्चार दोन करतो. कानडी घरातून आलेल्या मुलांस ‘चाक’मधील ‘च’ बहुधा जड जातो, आणि आम्ही शिक्षक ‘असे म्हण’ यापलीकडे काही सांगू शकत नाही. हे दोन्ही शब्द संथ करून ऐकविले की भेद आपोआप उलगडतो: आधी जिभेचा लहानसा स्फोट, मग घर्षण, ‘चार’मध्ये ते घर्षण ‘श’कडे झुकते, ‘चाक’मध्ये ‘स’कडे. वर्गात यासाठी विकतचे प्लगिन नको. ‘ऑडॅसिटी’ ही ध्वनिसंपादनाची फुकट प्रणाली तुकडे एकमेकांवर चढवून पट्टी न बदलता गती कमी करते, तेवढी पुरे.

आणखी एक गोष्ट कानास दिसते, असे म्हणण्याचा मोह होतो. मराठी बोलण्यात शब्दाच्या अखेरचा ‘अ’ आपण गिळतो; लिहितो ‘घर’, म्हणतो ‘घर्’. हाच शब्द ओवीत आला की अखेरचा ‘अ’ परत येतो. बोललेले ‘घर’ लांबविले तर ‘र’ हवेत विरतो, त्यामागे काही नाही. गायिलेले ‘घर’ लांबविले तर शेवटी स्वर उभा असतो. छंद शिकविताना अखेरचा लघू मोजावा की मोजू नये, यावर मुले जो गोंधळ घालतात तो या एका प्रयोगाने पुष्कळसा निवळतो.

येथवर लाभाची बाजू झाली. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता लघुपटांना ध्वनी देण्याचे काम करतो, निपाणीकडील एका खेड्यातील वृद्ध बाईंच्या जात्यावरच्या ओव्या काही वर्षांपूर्वी मुद्रित केल्या होत्या. बाई पुढे वारल्या. त्याने त्या मुद्रणाच्या कण्या पाडून, लांबवून, विखरून एका चित्राला पार्श्वध्वनी दिला. ऐकावयास तो विलक्षण होता. दूरच्या देवळात कोणीतरी पुष्कळजणींनी मिळून आळवावे तसा. बाईंच्या नातीला तो ऐकविला तेव्हा तिने आवाज तत्काळ ओळखला. आजीचा गळा, आजीचा किंचित चिरकणारा वरचा स्वर. मग ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “पण ती म्हणते आहे काय?” शब्द उरलेच नव्हते. व्यंजने त्या ढगात विरघळली होती आणि स्वर तेवढे तरंगत होते.

त्या नातीच्या प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस विचारात पाडले. कण्यांत आवाजाचा पोत टिकतो, म्हणजे ती कोण हे टिकते. ती काय म्हणाली हे मात्र व्यंजनांबरोबर जाते. सासर, माहेर, भाऊ, पंढरीची वाट, दळणाचे ओझे, हे जे त्या बाईंनी सांगितले ते त्या पार्श्वध्वनीत नाही. म्हणून त्यास ओवी म्हणता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती एक निराळी वस्तू आहे आणि तिचे स्वतःचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. पण आवाज बाईंचा आहे. तेव्हा चित्राच्या श्रेयनामावलीत नाव बाईंचेही असावयास हवे होते. ‘आवाज ओळखू येत नाही, मग नाव कशाला’ असा युक्तिवाद या धंद्यात ऐकावयास मिळतो. नातीने तर तो आवाज एका क्षणात ओळखला.

ओव्यांच्या संग्रहाचे काम कसे करावे याचा नमुना आपल्यासमोर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीत आणि संगणक या दोन्ही विषयांचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांचे त्यांना साहाय्य झाले. पॉयटवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या नंतर हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेकडे आला आणि तेथे ओव्या मजकूर, ध्वनी व भाषांतर यांसह प्रसिद्ध होत आहेत. तेथे गाणारीचे नाव आणि गाव ओवीबरोबर असते. आमच्या सीमाभागातील शाळांनी आपापल्या गावापुरते असे काम करावयास हरकत नाही; दूरध्वनी प्रत्येकाच्या हाती आहे. मात्र मूळ मुद्रण जसेच्या तसे, न दाबता, ‘वेव्ह’ स्वरूपात निराळे ठेवावे; मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्या व्यक्तीने स्वतःचे नाव, गाव आणि तारीख सांगावी; आणि पुढे या आवाजाचे काय केलेले चालेल हे तिच्याच तोंडून त्याच मुद्रणात घ्यावे. कण्या पाडावयाच्या त्या प्रतीच्या.

या साधनाने स्वरवाद्यांचे काय होते याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मिरज आमच्या शेजारी आहे आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. प्लगिनमध्ये एक सोय असते: वाचन एकाच जागी थांबवून त्याच क्षणाच्या कण्या अखंड पाडीत राहावयाचे. गवयाच्या स्वरावर हे बरे वाटते. तंबोऱ्यावर मात्र ते साफ फसते. तंबोऱ्याची तार घोडीच्या रुंद पृष्ठावर सुताच्या आधाराने किंचित टेकत-सुटत कंप पावते, आणि तार छेडल्यापासून ती विझेपर्यंत तिच्यातील वरचे स्वर एकामागून एक फुलत-मावळत राहतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीच्या करामतीवर लिहिले होते. जवारी ही त्या फुलण्या-मावळण्यात आहे, कोणत्याही एका क्षणात नाही. एक क्षण धरून ठेवला की षड्ज उरतो, जवारी जाते. जेवण झाल्यावर फोडणीचा नुसता वास राहावा तसे काहीसे.

या थांबविण्याच्या क्रियेस मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न परिभाषेची आवड असलेल्या सभासदांपुढे ठेवतो. ‘गोठविणे’ हा शब्द सहज सुचतो, कारण इंग्रजी शब्दाचा तोच अर्थ; पण पाणी गोठले की त्याचा बर्फ होतो, आणि येथे ध्वनी घट्ट होऊन बसत नाही, कण्या आतल्या आत हलतच असतात. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे खोबरेल बाटलीत थिजते. उन्हात ठेवले की पूर्ववत वाहू लागते. बटण सोडताच ध्वनीही तसाच पुढे वाहू लागतो, म्हणून ‘थिजविणे’ हा शब्द आम्हांस अधिक जवळचा वाटतो.